पहिलीची वही थोडी कोरी राहू द्या

जून सरता सरता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक तक्रार हमखास फिरू लागते : ‘शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले, वहीत काहीच नाही. नुसती गाणी आणि चित्रं!’ शेजारच्या शाळेतल्या मुलाने तोवर अक्षरे गिरवून चार पाने भरलेली असतात आणि त्या पानांचे फोटोही त्याच गटावर येतात. मग बाईंची काय बिशाद? पुढच्या आठवड्यात त्यांच्याही वर्गात गिरवणे सुरू होते. पहिलीचे वर्ष कसे गेले हे भरलेल्या पानांवरून ठरवण्याची ही रीत मुळातच चुकीची आहे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

वर्गात बसलेली मुले कोण असतात ते आधी पाहावे. ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणार असतील तर महाराष्ट्रात त्या जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे साडेपाच वर्षांचे मूल आणि साडेसहा वर्षांचे मूल एकाच बाकावर. ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी २०१९ साली देशातील २६ जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिच्यात तर पहिलीच्या वर्गांत चार-पाच वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतची मुले आढळली. एकाच इयत्तेत असूनही वयाने मोठी मुले भाषा-गणितात पुढे होती. ज्याला घरी ‘आमचा मागे पडतोय’ म्हणून ओरडा बसतो, तो पुष्कळदा फक्त नोव्हेंबरात जन्मलेला असतो.

हाताचेही तसेच. मनगटातली आठ छोटी हाडे जन्मतः कूर्चेची असतात. ती एकेक करून टणक होतात आणि शेवटच्या हाडाची पाळी आठ ते बारा या वयात येते. बोटांची पकडही हळूहळूच बसते. माती मळणे, मणी ओवणे, कात्रीने कागद कापणे ही लेखनाचीच पूर्वतयारी आहे. पण तिचा फोटो वहीच्या पानासारखा भारदस्त दिसत नाही.

गिरवून निदान वाचायला तरी येते का? आजच्या पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीरमध्ये मुलांच्या सुरुवातीच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातला बराचसा वेळ एकसुरात म्हणण्यात आणि फळ्यावरचे उतरवण्यात जात होता, अर्थाची पाळी फार उशिरा येत होती, आणि तिसरीपर्यंत पोहोचूनही अनेक मुलांना साधे शब्द वाचताना धाप लागत होती. याचे आश्चर्य वाटू नये. मराठी बाराखडीचा तक्ता पुरा मांडला तर चारशेच्या वर अक्षररूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यात ‘पि’ म्हणताना ‘प’ आधी ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी त्याच्या अलीकडे येते. हे सगळे जुलैच्या आत उरकायचे म्हटले की मूल अक्षर वाचत नाही, त्याचे चित्र काढते.

आता दुसऱ्या बाजूचाही कान धरायला हवा. ‘मुले खेळता खेळता आपोआप वाचू लागतात’ असे सांगणारे उत्साही लोक हल्ली वाढले आहेत. बोलणे आपोआप येते, वाचणे येत नाही. ते शिकवावे लागते, तेही क्रमाने. पालकांच्या तक्रारीत तथ्य आहे ते इथे. गाणी झाली, नाच झाला आणि दिवाळीनंतरही अक्षराशी ओळख नाही, असा वर्ग हे आनंददायी शिक्षण नसून निव्वळ हेळसांड आहे.

दोन्ही टोके टाळता येतात, हे महाराष्ट्रातच दिसलेले आहे. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी अशा मुलांना वाचायला शिकवले, ज्यांच्या घरात पुस्तक हा प्रकारच नव्हता. त्यांच्या पद्धतीचे मर्म साधे आहे : ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतची वरात काढायची नाही; मोजकी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घ्यायचे आणि लगेच अर्थाचे शब्द वाचायचे. उदाहरणादाखल क, म, ल आणि काना एवढेच घेऊन पाहा. काका, मामा, काम, लाल, माला, कमाल, काल, मला. आठवड्याभरात ‘काल मामाला काम’ असे वाक्य मूल स्वतः वाचते आणि कोणाचा मामा काय काम करतो यावर वर्गात गप्पा रंगतात. वहीत अशा आठवड्याचे फार तर अर्धे पान लागते.

गणिताची गोष्ट याहून गमतीची. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ढिगातून सात बटणे काढून द्यायला सांगावे. कित्येकदा ते पाचावर थांबते किंवा नवावर जाते. तोंडाला आकडे येतात, हाताला येत नाहीत. त्यात मराठीत ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी, वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी. मूल ५२ लिहिते आणि मार खाते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ छापले गेले, तेव्हा त्यावर विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या. ‘वीस एक’ कोणाला आवडो न आवडो, खिल्ली उडवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणाऱ्या मुलाची वही कधी पाहिली असेल.

घरची भाषा वेगळी असली तर पहिलीतली चढण आणखी उभी होते. वारली किंवा कातकरी पाड्यावरून आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठी ही जवळजवळ परकी भाषा. त्याच्याकडून पहिल्या आठवड्यात अक्षर मागणे म्हणजे त्याला गप्प बसवणे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. शंख-शिंपले, बिया, पाने हेच साधन. लोकांचे बोलणे आधी, पुस्तक मागून. दिल्लीच्या कागदांवर ‘बुनियादी स्तर’ उमटायच्या कितीतरी आधी ते डहाणू परिसरात चालू होते.

ते कागद आता तरी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे ‘बुनियादी स्तर’ या एका टप्प्यात बांधली. २०२१ मध्ये पहिलीच्या सुरुवातीला तीन महिन्यांचा ‘विद्या प्रवेश’ हा पूर्वतयारीचा कार्यक्रम आला. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आहे. तरीही पहिल्या पालकसभेत वहीचाच विषय निघतो, कारण शाळेने दुसरे काही दाखवायचे ठरवलेलेच नसते. मुख्याध्यापकांनी त्या सभेत वह्या मांडू नयेत. आपले मूल ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते का, ढिगातून नेमकी बटणे उचलते का, चार अक्षरांतून नवा शब्द वाचते का, हे पालकांना समोर बसवून दाखवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

सरकारकडे मागणी एकच, आणि ती खर्चाची नाही. जिल्हा परिषदेच्या कित्येक दोन-शिक्षकी शाळांत पहिली आणि दुसरी एकाच शिक्षकाकडे असतात आणि नेमक्या त्याच शिक्षकाला मतदारयादीच्या कामाला पाठवले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांची मुभा आहे. त्यातूनही पहिलीच्या शिक्षकाला जून ते सप्टेंबर पूर्ण सूट द्यावी आणि तसा आदेश शाळा उघडण्यापूर्वी काढावा.

आपला,
एक वाचक