स्क्रीन फुटली? नवीन फोन घेण्याआधी हा ११ महिन्यांचा हिशोब मांडा



ट्रेनिंगच्या बॅचमध्ये मी एक प्रश्न नेहमी विचारतो. "तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन कोणतं?" कोणी शिलाई मशीन म्हणतं, कोणी ओव्हन, कोणी प्रिंटर. फोन म्हणणारे फार थोडे असतात. पण ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयवर येतात, मालाचा फोटो फोनवर निघतो आणि उधारीची वहीसुद्धा आता फोनमध्येच असते. म्हणजे तुमचा काउंटर, गल्ला आणि वही हे सगळं त्या एका काचेच्या मागे आहे.

आणि ती काच एक दिवस फुटते. मग घरात, दुकानात, मित्रांत एकच सल्ला मिळतो: "अरे, आता नवीनच घे ना. ईएमआयवर मिळतोय." माझं मत सरळ आहे. धंदा नुकताच सुरू केलेल्या माणसाने हा सल्ला लगेच ऐकायचा नाही. बहुतेक वेळा दुरुस्तीच फायद्याची ठरते. काही वेळा नवीन घेणंच शहाणपणाचं असतं. कोणत्या वेळी काय, हे मनाला विचारून कळत नाही, ते कागदावर मांडावं लागतं.

आधी बघा, फुटलंय काय

ऐकायला गंमत वाटेल, पण आधी टेम्पर्ड ग्लास काढून बघा. फुटलेली काच नुसती वरची असेल तर काम शंभर-दीडशे रुपयांत संपतं.

खालची काच फुटली असेल तर तीन गोष्टी तपासा. चित्र नीट दिसतंय का? टच सगळीकडे चालतोय का? काळा डाग, हिरवी रेघ किंवा शाई सांडल्यासारखं काही दिसतंय का? चित्र आणि टच दोन्ही नीट असतील तर काही ठिकाणी मशीनवर नुसती काच बदलून देतात. ते स्वस्त पडतं, पण कारागीर हातखंडा असलेला पाहिजे, नाहीतर चांगला पॅनलही जातो. डाग किंवा रेघ असेल तर पूर्ण डिस्प्ले, म्हणजे बाजाराच्या भाषेत 'कॉम्बो', बदलावा लागतो. असा डाग थांबत नाही, बहुतेक वेळा पसरत जातो.

यात तिसरा पर्याय म्हणजे 'चालतंय तोवर चालू दे'. माझ्या मते धंदेवाल्यासाठी हा सगळ्यात महाग पर्याय आहे. फटीतून ओल आणि धूळ आत जाते. टच आपोआप दाबला जायला लागतो. यूपीआयमध्ये ५०० टाकताना एक शून्य जास्त पडलं, तर तो पैसा मागायला तुम्हालाच फिरावं लागतं. शिवाय कॅटलॉग दाखवताना ग्राहकाला तुमच्या मालाआधी फुटकी काच दिसते. म्हणून दुरुस्ती करा किंवा बदला, पण आठवड्याच्या आत ठरवा.

आता हिशोब

लोक एक सोपा नियम सांगतात: दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवीन घ्या. नियम वाईट नाही, पण अर्धवट आहे. दुरुस्तीनंतर फोन अजून किती दिवस काम देणार, हे त्यात येतच नाही. आणि मशीनची किंमत नेहमी 'महिन्याला किती पडलं' यावर मोजायची असते.

समजा, तुमच्या कामाला पुरेल असा नवीन फोन १८,००० रुपयांना येतो आणि तो तुम्ही तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने वापरणार. महिन्याला पडले ५०० रुपये.

तुमच्या फुटलेल्या फोनचा डिस्प्ले ४,००० रुपयांत बदलून मिळतोय. एक्स्चेंजमध्ये हा फुटका फोन दिला असता तर १,५०० मिळाले असते, ते तुम्ही सोडताय. तेही खर्चात धरायचे. एकूण ५,५००.

आता ५,५०० ला ५०० ने भागा. उत्तर ११. याचा अर्थ, दुरुस्त केलेला फोन ११ महिने चालला तर तुम्ही बरोबरीत आलात. बाराव्या महिन्यापासून जे काम होईल ते नफ्यात.

बॅटरीही थकली असेल तर तिचे समजा १,२०० अजून धरा. ६,७०० भागिले ५००, म्हणजे जवळपास साडेतेरा महिने. आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: हा फोन अजून साडेतेरा महिने ओढेल का? दोन वर्षं जुना, कधी हँग न झालेला फोन सहज ओढेल. पाच वर्षं जुना, स्टोरेज भरलेला, दुपारी दोनला चार्जिंग मागणारा फोन नाही ओढणार.

आकडे माझे उदाहरणादाखल आहेत. तुम्ही तुमच्या गावातला भाव टाका. पद्धत तीच राहील.

वाचलेल्या पैशाचं काय?

इथे नोकरदार माणूस आणि धंदेवाला माणूस वेगळे होतात. वरच्या उदाहरणात नवीन फोनला एक्स्चेंज वजा जाता १६,५०० लागतात, दुरुस्तीला ४,०००. फरक १२,५०० रुपये. नोकरदाराकडे हा फरक खात्यात पडून राहील. तुमच्याकडे तो माल होऊ शकतो. १२,५०० चा माल भरला आणि एका फेरीत १५ टक्के सुटले, तर १,८७५ रुपये झाले. दिवाळीआधी किंवा लग्नसराईत अशी फेरी महिन्याभरात होते. अर्थात, विकला जाणारा माल भरला तरच. न खपणारा माल भरून ठेवण्यापेक्षा नवीन फोन बरा!

"पण सर, नो-कॉस्ट ईएमआय आहे ना, एकदम पैसे कुठे जातात?" हा प्रश्न हमखास येतो. शून्य टक्के व्याज असं काही प्रत्यक्षात नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लिहून सांगितलं होतं. व्याज कुठेतरी भरलं जातंच. बहुतेक वेळा जी सूट तुम्हाला रोखीत मिळाली असती ती व्याजात जिरते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. आणि सुरुवातीच्या वर्षात धंद्याला ठरलेल्या तारखेचा हप्ता हा सगळ्यात मोठा शत्रू असतो. विक्री कमी-जास्त होते. हप्ता होत नाही.

"फोन धंद्याच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो" हेही ऐकायला मिळतं. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही नियमित जीएसटी नोंदणीत असाल आणि बिल धंद्याच्या नावाने असेल, तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. पण सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्ती बिलावरही जीएसटी असतो आणि त्याचंही क्रेडिट मिळतं. म्हणजे तुलना जवळपास तीच राहते. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल, तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. टॅक्स वाचवण्यासाठी खर्च करणं म्हणजे सूट मिळते म्हणून नको असलेली वस्तू घेणं.

मग नवीन कधी घ्यायचा?

मी दुरुस्तीच्या बाजूचा असलो तरी खालीलपैकी काही असेल तर दुरुस्तीचा हट्ट धरू नका.

- फोनला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय आणि बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप 'हे व्हर्जन चालत नाही' म्हणायला लागलंय. ज्या फोनवर गल्ला आहे, तिथे ही तडजोड नको.
- फ्रेम वाकली आहे, बॅटरी फुगली आहे किंवा पाणी आत गेलं आहे. आज डिस्प्ले बदलाल, उद्या बोर्ड जाईल.
- डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग जॅक तिन्ही एकदम मागतायत.
- वक्र काचेचा महागडा पॅनल आहे आणि वरचा हिशोब २० महिन्यांच्या पुढे जातोय.
- कॅमेराच तुमचं उत्पादन विकतो, म्हणजे केक, दागिने, साड्या, मेंदी, आणि आधीपासूनच फोटो चांगले येत नव्हते. इथे नवीन फोन ही गुंतवणूक ठरू शकते.

नवीन घ्यायचाच तर आधी विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार? गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. स्वस्त फोनमध्ये ते बरंच कमी असतं. ३६ महिन्यांचा हिशोब मांडताना अपडेट दोनच वर्षं असतील तर भागाकार २४ ने करा.

जुना फोन घेत असाल तर \*#०६# डायल करून आयएमईआय नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा फोन स्वस्त पडत नाही.

दुरुस्तीला जाताना

सर्व्हिस सेंटर महाग पण पार्ट कंपनीचा. बाजारातला कारागीर स्वस्त आणि बहुतेक वेळा तासा-दोन तासांत फोन हातात. वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरच, नाहीतर ती वॉरंटी जाऊ शकते. वॉरंटी संपली असेल तर चांगल्या लोकल कारागिराकडे जायला माझी हरकत नाही. तोही आपल्यासारखाच छोटा धंदेवाला आहे. फक्त प्रश्न नीट विचारा.

पार्ट कंपनीचा की कॉपी? मूळ स्क्रीन ॲमोलेड असेल तर बसवणार काय? स्वस्तात साधा एलसीडी बसवतात. त्याने रंग फिके पडतात, बॅटरी जास्त जाते आणि स्क्रीनमधला फिंगरप्रिंट चालत नाही. वॉरंटी किती दिवसांची आणि ती बिलावर लिहून मिळेल का? जुना डिस्प्ले परत मिळेल का? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, कारण ॲमोलेडचा पॅनल आतून चांगला असेल तर तो बाजारात विकला जातो. परत नको असेल तर त्याच्या बदल्यात भाव कमी करून घ्या.

पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून तपासा: एखादा आयकॉन दाबून धरून सगळ्या स्क्रीनवर फिरवा, कॉल लावून फोन कानाला धरल्यावर स्क्रीन बंद होते का बघा, पुढचा कॅमेरा, स्पीकर, फिंगरप्रिंट बघा. एकदा उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहिलंय असं धरू नका.

सर्व्हिस सेंटरने पार्ट नाही म्हणून टोलवलं किंवा लिहून दिलेली वॉरंटी नाकारली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. शिवाय २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे मिळते.

धंदा त्या दिवशी बंद पडू नये

फोन दुरुस्तीला असताना काय करायचं, याची तयारी आजच करा.

- व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू ठेवा आणि लॅपटॉपवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर 'लिंक्ड डिव्हाइस' जोडून ठेवा. मुख्य फोन बंद असला तरी ते १४ दिवसांपर्यंत चालतं.
- काउंटरवरचा क्यूआर तुमच्या खात्याशी जोडलेला असतो. फोन बंद असला तरी पैसे येत राहतात. फक्त आले की नाही हे कळायला साउंडबॉक्स ठेवा.
- टच गेला पण चित्र दिसतंय? ओटीजीला माउस लावा, बहुतेक फोन चालतो. बॅकअप घ्या, मग दुरुस्तीला द्या.
- फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो चालू करा म्हणजे तुमचा डेटा लपतो.
- घरातला जुना फोन कपाटात पडून असेल तर चार्ज करून ठेवा.

हाच भागाकार मिक्सरला, शिलाई मशीनला, प्रिंटरला, डिलिव्हरीच्या गाडीलाही लागू पडतो. दुरुस्तीचा खर्च अधिक सोडलेली किंमत, भागिले नव्याचा महिन्याचा खर्च. आलेल्या महिन्यांपेक्षा मशीन जास्त चालणार असेल तर दुरुस्ती, नाहीतर नवीन.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या फोनचा हा हिशोब मांडा. फोन अजून फुटला नसेल तरी मांडा. शांत डोक्याने केलेला हिशोब त्या दिवशी कामाला येतो. तुमचं उत्तर किती महिने आलं ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या वेळी त्यातलीच काही उदाहरणं घेऊन बोलू.