घोडा का अडला?

भाकरी का करपली, पाने का सडली आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर आपण लहानपणी पाठ केले. उत्तर आले की कोडे संपे; घोडा मात्र तिथेच उभा राही. त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची वेळ माझ्यावर बँकेच्या नोकरीत आली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तालुक्याच्या गावी मी कर्जाचे टेबल सांभाळत होतो. आमच्या शाखेने एका टांगेवाल्याला घोड्यासाठी कर्ज दिले होते. घोडा उमदा, मालक त्याहून हौशी. दसऱ्याच्या सुमारास चाकाची धाव बदलायला टांगा लोहाराकडे गेला आणि तीन दिवस घोडा थानावर बांधून राहिला. तोबऱ्यात मात्र रोजची पुरी चंदी, भिजवलेला हरभरा आणि वर गूळ. ‘वर्षभर राबतो साहेब, सणासुदीला त्याने चार घास जास्त खाऊ नयेत?’ यावर कोण काय बोलणार?

चौथ्या दिवशी टांगा जुंपला. बँकेच्या चढापर्यंत येता येता घोड्याला दरदरून घाम फुटला, मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले आणि तो थांबला. चाबूक बसला, पुन्हा बसला. मग त्याने लघवी केली, ती कोऱ्या चहासारखी काळपट. मी बँकेच्या पायरीवरून हे सारे पाहिले आणि तपासणी अहवालात शेरा मारला : ‘जनावर अडेलतट्टू.’ पशुवैद्य आले. त्यांनी घोडा सोडवून जागीच उभा ठेवला, पाणी पाजले, चंदी बंद केली. घोडा वाचला. माझा शेरा फायलीत राहिला.

युरोपात या दुखण्याला ‘सोमवारचा आजार’ म्हणत. ओझी ओढणारे घोडे सहा दिवस राबत, रविवारी पुरा दाणा खाऊन उभे राहत आणि सोमवारी सकाळी चार पावलांत आखडत. हा झटका एरवी धडधाकट असलेल्या घोड्यालाही येऊ शकतो. पण काही घोड्यांना तो पुन:पुन्हा येतो. १९९२ साली अमेरिकेत डॉ. स्टेफनी वॅलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घोड्यांच्या स्नायूंत साखरेचा अवाजवी साठा असल्याचे दाखवले. २००८ साली त्यामागचा जनुकीय दोष सापडला. बेल्जियन, पर्शेरॉन यांसारख्या अवजड जातींत आणि अमेरिकेच्या क्वार्टर हॉर्समध्ये तो आढळतो. आता केसांच्या मुळांवरून त्याची तपासणी होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर या घोड्याच्या स्नायूत ठेव स्वीकारणारी खिडकी कधी बंदच होत नाही. दाण्यातले पिष्ट आणि गुळातली साखर रक्तात आली की ती स्नायूत जमा होत राहते. पण काम सुरू झाले की हा साठा हवा तसा हाताशी येत नाही. शक्तीअभावी स्नायू आखडतात, त्यांच्या पेशी फुटतात, त्यांतले रंगद्रव्य लघवीवाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. म्हणजे खजिना भरलेला आणि मालक उपाशी!

म्हणून अशा घोड्याचे पथ्य आपल्या समजुतीच्या नेमके उलट असते. दाणा, गूळ, गोड मिश्रणे बंद. मुख्य आहार सुक्या गवताचा. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण साडेसात ते दहा किलो, आणि त्यातही साखर व पिष्ट मिळून १२ टक्क्यांच्या आत. गवत गोड असेल तर पाण्यात भिजवावे आणि ते पाणी फेकून द्यावे. घोडा रोडावला असेल तर शक्तीसाठी तेल, तेही थोडे थोडे वाढवत आणि सोबत ई जीवनसत्त्व. लठ्ठ असेल तर तेलही नको. आणि रोज फिरवणे! ते चुकले तर नुसत्या पथ्याने भागत नाही. मात्र झटका आलेला असताना एक पाऊलही चालवू नये, पशुवैद्याला बोलवावे.

घोडा कुठल्याही जातीचा असो, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी कमी, हा नियम प्रत्येक थानावर पाळला गेला पाहिजे, असे माझे मत आहे. लग्नसराई संपली की वरातीचे घोडे दिवसचे दिवस बांधून असतात. त्यांना खाऊ घालणारे हात निर्दय नसतात. आपल्याकडे माया मापाने मोजायची रीत आहे. शेरभर जास्त घातले की कर्तव्य झाले. त्याला तासभर मोकळा फिरवून आणणे हे त्याहून कष्टाचे, आणि त्याचे कौतुकही कुणी करीत नाही.

राहता राहिला चाबूक. अडलेला घोडा हट्टी आहे की दुखण्याने खिळला आहे, हे त्याच्या मांडीवर हात ठेवला तरी कळू शकते. मी पायरी उतरून तेवढे केले नाही. अहवालात शेरा मारायला मात्र मला एक मिनिटही लागले नव्हते.