रागावलेल्या माणसाने जायचे कुठे?

एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. अक्षर शाळकरी मुलीचे आहे. आईने सांगितले आणि लेकीने लिहिले, हे उघड दिसते. नवरा वर्कशॉपमध्ये कामाला. दारू नाही, पगार घरात देतो. पण घरी आला की कशावरूनही भडकतो. भाजीत मीठ कमी पडले, पोराच्या हातून पेला सुटला, एवढे कारण पुरते. ताट भिंतीवर जाते. मग स्वतःच कोपऱ्यात डोके धरून बसतो. ताई विचारतात, "ह्यांना कुठे दाखवावे? आणि दाखवले तर लोक वेडा म्हणतील काय?" त्याखाली लेकीने आपल्या मनाने एक ओळ घातली आहे : "दादापण आता तसाच ओरडतो."

वाचकहो, ही ओळ एका घरातली नाही. आपल्या वस्तीत भिंती पातळ असतात, कोणाच्या घरात काय चालले आहे ते सर्वांना ऐकू येते. ऐकू येते आणि आम्ही रेडिओचा आवाज वाढवतो.

रागाला कारणे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. ठेकेदाराची नोकरी, मुकादमाची शिवी, जातीवरून मारलेला टोमणा, घरभाडे, पाण्याची रांग. माणूस दिवसभर गिळतो. पण येथेच एक गोष्ट नीट पाहावी. जो माणूस आठ तास मुकादमापुढे तोंड बंद ठेवतो, त्याला राग आवरता येतो. तो बायकोपुढे आवरत नाही, कारण बायको त्याला कामावरून काढू शकत नाही. हे बोल कडू आहेत, पण यातच आशाही आहे. जे एका ठिकाणी जमते, ते दुसऱ्या ठिकाणी शिकता येते.

कोणी म्हणेल, मग अन्याय मुकाट सहन करायचा काय? मुळीच नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. डोकी फुटली. लोक खवळले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढा पुढे नेला, कोर्टातही नेला. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने निकाल दिला. राग तेव्हाही होताच. तो कुठे न्यायचा, हे ठाऊक होते. मुकादमाच्या शिवीचा राग युनियनमध्ये न्यावा, तक्रारीत न्यावा. पोराच्या पाठीवर नेऊ नये.

आणखी एक समज काढून टाकला पाहिजे. "एकदा भडास काढली की डोके शांत होते," असे आपण म्हणतो. 2002 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी हे तपासून पाहिले. ज्याने राग आणला त्याला मनात धरून पोत्यावर ठोसे मारणारे विद्यार्थी, नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक रागावलेले आढळले. ताट फेकल्याने राग निघून जात नाही, फेकायची सवय मात्र लागते.

मग उपाय कोणता? एक चांगला उपाय म्हणजे गटाने बसणे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने 2002 साली यासाठी एक पुस्तिका काढली. आठवड्यातून एकदा दीड तास, अशा 12 बैठका. गटात 5 ते 10 माणसे आणि एक शिकलेला समुपदेशक. काम साधे असते. आठवडाभरात राग किती चढला, ते 1 ते 10 अंकांत सांगायचे. चढण्याआधी अंगात काय होते, कान तापतात की मुठी वळतात, ते ओळखायचे. पारा चढू लागला की घरच्यांना सांगून बाहेर जायचे, एक चक्कर मारून परत यायचे. श्वास संथ करायचा. मनात काय विचार आला तोही तपासायचा : पेला हातातून सुटला, की पोराने मुद्दाम पाडला?

हे एकट्यालाही शिकता येते. पण गटाचा गुण वेगळा आहे. बायकोने सांगितले तर ती कटकट वाटते. समोरचा कामगार जेव्हा स्वतःच्या घरातली गोष्ट सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आपलेच घर दिसते. लाज वाटते, आणि आपण एकटे नाही याचा धीरही येतो.

आता पत्ता. 'रागाचा गट' अशी पाटी दवाखान्यावर सहसा दिसणार नाही, विचारावे लागते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांत बाहेरचे रुग्णही तपासतात. केसपेपर काढून तेथील समाजसेवकाला विचारावे : "राग आवरत नाही. येथे गट भरतो काय? नसेल तर समुपदेशक कोणत्या वारी भेटतील?" दिवस मोडणे परवडत नसेल तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. 2022 पासून चालू असलेली ही सरकारी सेवा रात्रंदिवस आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येते. राग दारूबरोबर येत असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जावे, तेथे फी नसते. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात.

लोक वेडा म्हणतील काय? ताप आला तर दवाखान्यात जाणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. गटातही पहिला नियम तोच : येथले बोलणे येथेच.

पण ताई, एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगतो. गट हा शिकण्यासाठी आहे, मार खात वाट पाहण्यासाठी नाही. हात उठला तर आधी स्वतःला आणि लेकरांना सांभाळा. 112 हा पोलिसांचा, 181 हा महिलांसाठीचा आणि 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. नवरा गटात जातो म्हणून तुमचा हा हक्क संपत नाही.

आणि भाऊ, हे पत्र तुमच्याही हाती पडेल, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. ताट फेकल्यावर तुम्ही डोके धरून बसता, म्हणजे तुम्हालाही हे नको आहे. येत्या सुटीच्या दिवशी तो फोन तुम्ही स्वतः करा, बायकोला करायला लावू नका. जमल्यास मोठ्या मुलालाही सांगा, की मी शिकायला चाललो आहे. ओरडणे तो तुमच्याकडून शिकला. आवरणेही तुमच्याकडूनच शिकेल.

लेकीला आमचा जयभीम. तिची ती एक ओळ आम्ही जपून ठेवली आहे. पुढचे पत्रही तिनेच लिहावे.