कॅप्टन बॉयकॉट आणि आमची गावकी

‘बॉयकॉट’ म्हटलं की माझ्या पिढीला आधी जेफ्री आठवतो. १९६७ साली लीड्सला आपल्याविरुद्ध नाबाद २४६ धावा काढल्या आणि फार रटाळ खेळला म्हणून पुढच्या कसोटीतून त्यालाच वगळलं. शब्द मात्र दुसऱ्याच बॉयकॉटचा. चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नचा आयर्लंडातल्या मेयो परगण्यातला कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, मालक दहाच्या पुढे सरकेना. जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या आणि कुळं उलटली. बॉयकॉटचे गडी गेले, धोबीण गेली, बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणं बंद केलं. शेवटी उत्तरेकडून पन्नासेक मजूर आणून हजारभर शिपायांच्या पहाऱ्यात पीक काढावं लागलं. पाचशे पौंडांच्या मालापायी सरकारचे दहा हजार गेले, असा तेव्हाचा हिशेब.

जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलंय, की वाळीत टाकण्यासाठी ‘ऑस्ट्रॅसिझम’ असला जड शब्द कुळांच्या पचनी पडणार नाही, म्हणून तिथल्या धर्मगुरूंनी, फादर ओमॅलींनी, थेट कारभाऱ्याचंच नाव सुचवलं. वर्ष सरायच्या आत ते लंडनच्या वर्तमानपत्रांत क्रियापद होऊन बसलं.

मी अलिबागला वकिली करतो. आमच्याकडे गावकी एखाद्या घराला वाळीत टाकते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘गावाचा कुटुंबावर बॉयकॉट’. वाचून माझं डोकं फिरतं. रीत तीच, हे खरं. गिरणीवाला दळण घेत नाही, शिमग्याला पालखी दारावरून पुढे जाते, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. धाकदपटशा मेयोतही होताच, तिथली सगळी माणसं काही साधुसंत नव्हती. पण बॉयकॉटच्या पाठीशी लॉर्ड होता, पलटण होती, आणि डिसेंबर उजाडायच्या आतच तो तिथून निघूनही गेला. आमचा माणूस जाणार कुठे? त्याची दीड गुंठ्यातली वाडी तिथेच, सातबाराही तिथलाच. शिवाय कुळांनी जमीन जाण्याचा धोका पत्करला होता. गावकीच्या पंचांचं काय जातं?

दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावायचा हा घोळ जुनाच. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू चिरडला गेला. तोही बहिष्कारच. त्याच सुमारास लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर मागत होते, की अस्पृश्यांवरचा सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. त्यासाठी त्यांनी आणि त्यांचे सहप्रतिनिधी श्रीनिवासन यांनी दिलेल्या निवेदनातली कलमं बर्मातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून, थोडेफार बदल करून, घेतलेली होती. एकाच हिवाळ्यात एका बहिष्कारापायी जीव गेला आणि दुसरा थांबवण्यासाठी कायदा मागितला गेला, यात मला तरी विसंगती दिसत नाही. बलवानाचा माल नाकारणं वेगळं, दुबळ्याचं पाणी तोडणं वेगळं.

महाराष्ट्राला असा कायदा करायला २०१६ उजाडलं आणि लागू व्हायला २०१७ चा जुलै. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर चोख. ठाण्यात मात्र हवालदार पहिलं विचारतो, “भाऊबंदकी आहे का?” आणि पुढचं सगळं त्याच रकान्यात जातं.

म्हणून येणाऱ्या अशिलाला मी सांगतो, तक्रारीत ‘बॉयकॉट केला’ एवढंच लिहू नका. बैठक कधी झाली, दवंडी कुणी दिली, गावकीने दंड किती सांगितला, गिरणीवाल्याने नेमके काय शब्द वापरले, ते लिहा. दंड भरला असेल तर पावती आणा. अशील म्हणतात, असल्या दंडाची कुणी पावती देतं का साहेब? देतात. मी एक पाहिली आहे, गोल शिक्का मारलेली.