सैगलची पट्टी

कुंदनलाल सैगल यांच्या बोलपटांच्या ज्या आवृत्त्या घरी पाहण्यासाठी म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत निघाल्या, त्यांपैकी कोणती घ्यावी असे मला कोणी विचारले, म्हणजे मी प्रथम उलट प्रश्न करतो की, तुमच्या घरी पेटी आहे काय? बहुतेक जण हसतात. चित्रपट पाहावयाचा तर पडदा चांगला हवा, पेटी कशाला? आमच्या सुशिक्षित कुटुंबांनी ह्या बाबतीत जी बेपर्वाई चालविली आहे तिचे मूळ ह्या हसण्यातच आहे, असे माझे मत आहे. आणि ते थोडे स्पष्टपणे मांडल्यावाचून राहवत नाही.

चांगली आवृत्ती म्हणजे काय, ह्याविषयी लोकांच्या कसोट्या ठरून गेल्या आहेत. चित्र उजळ असावे, खरखर ऐकू येऊ नये, पडदा काठोकाठ भरावा, आणि एका डीव्हीडीत तीन बोलपट मिळाले तर उत्तमच! ह्यांपैकी पडदा भरण्याचा हट्ट तर निव्वळ अडाणीपणाचा आहे. 1935 च्या ‘देवदास’च्या काळी चित्राची रुंदी उंचीच्या साधारण 1.37 पट असे. आजच्या घरगुती पडद्याची 1.78 पट असते. तेव्हा चित्र ताणून माणसे बुटकी केल्याशिवाय, किंवा वरून-खालून मिळून सुमारे 23 टक्के भाग छाटल्याशिवाय पडदा भरणारच नाही. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या दिसल्या की आपण फसलो असे गिऱ्हाइकास वाटते. वास्तविक त्या पट्ट्या हेच पुष्कळदा प्रामाणिकपणाचे चिन्ह असते.

परंतु चित्राचे हाल एक वेळ सोसता येतील. सैगल हे गायकनट होते, आणि त्यांच्या गळ्याचे जे हाल होतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्मची फीत सेकंदास 24 चित्रे ह्या गतीने फिरते. आपल्याकडे दूरदर्शनसाठी जी पॅल पद्धत रूढ झाली तीत सेकंदास 25 चित्रे लागतात. हा एका चित्राचा फरक भरून काढण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे फीतच जराशी जलद पळविणे. दोन तासांचा बोलपट मग 115 मिनिटे आणि 12 सेकंदांत आटोपतो. नुसते बोलणाऱ्या नटाचे त्यात फारसे बिघडत नाही. परंतु गाणाऱ्याचा आवाज चार टक्क्यांहून किंचित अधिक वर चढतो. म्हणजे पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जे अंतर असते, त्याचे जवळजवळ सात-दशांश! समजा, मूळ गाणे काळी एकमध्ये आहे. ते तेथून निघते आणि पांढरी दोनपर्यंत पोचतही नाही. मध्येच कोठे तरी लोंबकळत राहते. पेटीवर कोणतीही पट्टी धरा, ती त्याच्याशी जुळावयाची नाही. शिवाय लयही त्याच प्रमाणात वाढते ती वेगळीच. ज्या गळ्याचे सारे वैभव खर्जाकडे झुकणाऱ्या त्या भरदार संथपणात आहे, तो असा उतावळा आणि पातळ करून आपण मुलाबाळांस ऐकवितो, आणि वर ‘हे बघा सैगल!’ म्हणून सांगतो.

अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या डीव्हीडीत काही चित्रांचे भाग पुन्हा दाखवून मूळ गती सांभाळता येते, आणि ब्लू-रेवर तर 24 ची गती जशीच्या तशी ठेवता येते. म्हणून वेष्टणावर ‘एनटीएससी’ हा शब्द पाहून निःशंक व्हावे काय? तेही नाही. पॅलच्या जुन्या टेपवरूनच जर ती डीव्हीडी तयार केली असेल, तर चढलेली पट्टी तशीच राहते आणि चित्रात भुताटकीसारख्या सावल्या तेवढ्या वाढतात. डीव्हीडीचा व्यापार आता बराच ओसरला, सैगल लोक इंटरनेटवर पाहतात, हे मला ठाऊक आहे. परंतु तेथेही पुष्कळदा ह्याच जुन्या प्रतींच्या नकला नांदत असतात.

‘मग ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहावे,’ असे कोणी म्हणेल. हा उपाय दिसतो तितका निर्धोक नाही. त्या काळी बोलपटातील गाणे निराळे ध्वनिमुद्रित होई आणि ग्रामोफोनसाठी पुष्कळदा पुन्हा निराळे. दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत. ‘स्ट्रीट सिंगर’मधील वाजिद अली शाहाच्या भैरवी ठुमरीचे उदाहरण सर्वश्रुत आहे. 1935 च्या ‘धूप छांव’पासून पार्श्वगायनाची सोय न्यू थिएटर्सच्या हाताशी होती, तरीही 1938 साली सैगल यांनी ही ठुमरी चालता चालता, प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच गायिली, असे सांगतात. त्या चालण्याचा श्वास त्या गाण्यात आहे. ह्या दृश्याखाली ग्रामोफोनची स्वच्छ ध्वनिमुद्रिका चिकटवून दिलेली एक प्रत मी पाहिली आहे. ओठ एकीकडे, सूर दुसरीकडे! प्रकाशकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. माझा राग त्याच्यावर नसून, ‘आवाज काय सुरेख साफ केलाय!’ म्हणून त्या प्रतीची वाखाणणी करणाऱ्या माझ्या प्राध्यापक-बंधूंवर आहे. खरखर यंत्राने पुसताना तिच्याच पातळीवर वसणारे श्वास, सकार-शकार आणि शब्दाच्या शेवटी विरत जाणारा सूर हेही पुसले जातात. हेच विद्वान महाभारताच्या एका श्लोकात पाठभेद निघाला की भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीकडे धावतात. 1919 पासून 1966 पर्यंत ज्या कामास पिढ्या लागल्या त्याचा त्यांना योग्य अभिमान आहे. मात्र गळ्यालाही शुद्ध पाठ असतो हे त्यांच्या गावीही नसते.

दुसरा एक पंथ म्हणतो की, बोलपट हवाच कशाला? गाणी तेवढी वेगळी काढलेली द्यावीत. मला हा पंथ अधिक घातकी वाटतो. आमच्या संगीत नाटकातील नटास शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. त्यामुळे गद्य संपून पद सुरू झाले की माणूस बदलल्यासारखा वाटे, आणि ‘वन्स मोअर’ने तर कथानक जागच्या जागी थांबे. सैगल यांनी मायक्रोफोनचा धर्म ओळखला. ते ज्या आवाजात बोलतात त्याच आवाजात गाऊ लागतात. ‘देवदास’मधील दारूने खचलेला माणूस बोलता बोलता गाण्यात शिरतो, तेव्हा कोठे बोलणे थांबले आणि कोठे गाणे सुरू झाले हे चटकन सांगता येत नाही. ती सीमारेषा पुसणे हीच त्यांची अभिनयकला होय. गाणे कापून वेगळे काढले की नेमकी तीच नाहीशी होते, आणि खुर्चीत ताठ बसलेला एक गवई उरतो. ‘तानसेन’ किंवा ‘शाहजहान’ अशा प्रकारे पाहणे एक वेळ चालेल, कारण त्यांत दरबार आहे, मैफल आहे; ‘देवदास’ असा पाहणे म्हणजे तो न पाहणेच. (प्रसंगोपात्त सांगतो: 1935 चा ‘देवदास’ घेताना तो हिंदी आहे ना, हे पाहून घ्यावे. बंगालीत नायक स्वतः दिग्दर्शक प्रमथेश बरुआ आहेत. सैगल तेथे लहानशा भूमिकेत गाऊन जातात.)

ह्यावर माझ्या एका मित्रांचा आक्षेप असा की, मूळ फितीच जेथे नष्ट होत चालल्या तेथे मिळेल ते गोड मानून घ्यावे. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींचा साठा जळाला, त्याचा घाव त्यांच्या मनावर आहे आणि माझ्याही आहे. पण ह्यातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्ञानेश्वरीच्या हजार पोथ्या असतील तर एक भ्रष्ट निघाली म्हणून बिघडत नाही. दोनच उरल्या असतील तर प्रत्येक अक्षर मोलाचे. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो. सैगल 1947 साली वारले, तेव्हा त्यांच्या बोलपटांवर हा हक्क आज उरलेला नाही. कोणीही उठावे आणि प्रत काढावी! अशा बेवारशी मालावर लक्ष ठेवणारा ग्राहकाखेरीज दुसरा कोण राहिला?

ते लक्ष ठेवणे अवघडही नाही. पुष्कळ प्रतींच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते आणि त्यावर लांबी लिहिलेली असते. 35 मिलिमीटरची फीत मिनिटास 90 फूट फिरते. म्हणजे 12,000 फुटांचा बोलपट 133 मिनिटे 20 सेकंद चालला पाहिजे. तो 128 मिनिटांत संपला तर गती वाढविली असल्याचा दाट संशय घ्यावा. 110 मिनिटांत संपला तर कात्री चालली आहे हे निश्चित. प्रमाणपत्र पुनःप्रदर्शनाच्या वेळचे असेल तर कात्री त्याआधीच चाललेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. आणि मग पेटी. निरनिराळ्या प्रतींतील एकच गाणे लावून षड्ज ताडून पाहावा. त्या काळची यंत्रे घड्याळासारखी चालत नसत, त्यामुळे पेटीचा कौल अखेरचा मानू नये. पण दोन प्रतींत पाऊण पट्टीच्या आसपास फरक निघाला, तर कोणती प्रत पळविलेली आहे हे तासाच्या हिशेबावरून समजते.

वरील आक्षेप घेणाऱ्या मित्रांजवळ ‘स्ट्रीट सिंगर’ची उजळ प्रत होती. माझ्याजवळची ओरखड्यांनी भरलेली, पण सावकाश चालणारी प्रत मी त्यांस नेऊन दिली. पेटी त्यांच्या पत्नींची होती. दोन्ही प्रती लागोपाठ लावल्या, आणि दुसरीतील ठुमरी सुरू होताच त्या बाईंनी भाता सोडून दिला व म्हणाल्या, ‘‘अहो, हे तर कोणी दुसरेच गात आहेत.’’