एकाच नावाच्या तीन फाइली

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर ‘नोकऱ्या’ नावाची फाइल तयार करा. कळफलकावरून आलेला ऱ हे युनिकोडमधले एकच चिन्ह, ०९३१. डिस्कवर मात्र त्याची फोड होते : साधा र आणि त्यापुढे नुक्ता. ही फाइल एसएफटीपीने लिनक्स सर्व्हरवर गेली की तिथली एक्स्ट-४ फाइलव्यवस्था आलेले बाइट जसेच्या तसे ठेवते. पुढे विंडोजवरून कोणी सुधारित ‘नोकऱ्या’ पाठवली, तर ती जुनीच्या जागी न बसता शेजारी उभी राहते. पडद्यावर अक्षरन् अक्षर सारखी दोन नावे. त्यातली एक कोणीतरी पुसणार, आणि कोणती पुसली हे त्यालाही कळणार नाही.

२०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस लिहिलेले नाव तसेच ठेवते. पण त्याआधी सर्व्हरवर गेलेली नावे फुटलेलीच आहेत.

दुरून फाइली हाताळणारा फाइल मॅनेजर बांधताना आपण वेगावर खूप मेहनत घेतो, आणि ते रास्तच आहे. फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर ३२ केबीचा एकेक तुकडा मागणारा प्रोग्रॅम सेकंदाला ३२० केबीच्या पुढे जात नाही. म्हणूनच ओपनएसएसएचचा क्लायंट एरवी ६४ मागण्या एकदम वाटेत ठेवतो. पण संथपणाची तक्रार दुसऱ्याच दिवशी येते. नावाची चूक वर्षभर गप्प असते, म्हणून मला तिची अधिक धास्ती वाटते.

एसएफटीपीची सर्वत्र चालणारी आवृत्ती ३ हा २००१ चा मसुदा. नाव कोणत्या संकेतनात आहे, हे तो सांगतच नाही. म्हणून सर्व्हरने दिलेले बाइट हीच फाइलची ओळख माना. पडद्यावर दाखवायचे नाव वेगळे ठेवा आणि ते परत सर्व्हरकडे पाठवू नका. विंडोजला नावातला अपूर्णविराम चालत नाही. तिथे विनएससीपी टक्क्याचे चिन्ह व संकेतांक लिहितो आणि अपलोड करताना मूळ चिन्ह परत आणतो. ही शिस्त अनुकरणीय आहे. लांबीकडेही लक्ष असू द्या : एक्स्ट-४ मध्ये नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासह, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. नाव बसत नसेल तर तसे सांगा, गुपचूप कापू नका.

अपलोडपूर्वी नवे आणि सर्व्हरवरचे अशी दोन्ही नावे प्रमाणित रूपात आणून ताडून पाहणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह यांतूनही ‘ऱ्य’ उमटतो, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्याला पहिल्या दोन रूपांशी जुळवत नाही. हा तिसरा प्रकार आपल्यालाच स्वतंत्रपणे ओळखावा लागेल. मराठी न वाचणाऱ्या चमूला तो सुचण्याची शक्यता कमी.

चाचणीच्या फोल्डरात या तिन्ही रूपांतल्या ‘नोकऱ्या’ ठेवा. मग प्रत्येक व्यवस्थेवरून त्यांतली मधली फाइल उघडा, नाव बदला, पुसा. तुमच्या साधनाने नेमकी कोणती फाइल उचलली, ते आम्हाला लिहून कळवा. आलेले निकाल पुढच्या अंकात छापू.