केस लावणारे हात कोणाचे?

हेअर ट्रान्सप्लांट ही शस्त्रक्रिया आहे. ही गोष्ट आज ओरडून सांगावी लागते, कारण शहराशहरांत ती फेशियलसारखी विकली जाते. दिवाळीची सूट, बिनव्याजी हप्ते, सकाळी या आणि संध्याकाळी घरी जा. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. या बाजारात नागवलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा मला संताप येतो.

मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाच्या डोक्यात एकाच बैठकीत तब्बल साडेनऊ हजार ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे पुंजके) बसवल्याचं वर्तमानपत्रांत आलं. तो माणूस वाचला नाही. डॉक्टरांना तीव्र अॅलर्जीचा संशय होता. शिवाय इतक्या लांबलेल्या बैठकीत भुलीची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. लिग्नोकेन हे भुलीचं औषध किती द्यायचं हे रुग्णाच्या वजनावर ठरतं आणि मर्यादा ओलांडली की मेंदू आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. किती ग्राफ्ट लावायचे हे पॅकेज ठरवत असेल तर तो निव्वळ गुन्हा आहे. २०२५ मध्ये कानपूरला हेअर ट्रान्सप्लांटनंतर झालेले दोन तरुण अभियंत्यांचे मृत्यू उघडकीला आले, आरोप एका दंतवैद्यावर झाला.

नियम नाहीत असं कोणी म्हणू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून कोणी ही शस्त्रक्रिया शिकत नाही. तरीही डॉक्टर कपाळावर रेघ आखतो, भूल देतो आणि पुढच्या खोलीत जातो. मागे राहतो टेक्निशियन. केस तोच काढतो, तोच लावतो.

जे सुखरूप घरी जातात त्यांचीही फसवणूक थांबत नाही. ट्रान्सप्लांटने नवा केस जन्माला येत नाही. डोक्याच्या मागच्या भागातले केस टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाच्या माऱ्याला सहसा दाद देत नाहीत, म्हणून ते उचलून पुढे लावतात. हा साठा मोजका असतो. जिथून मूळ काढलं तिथे पुन्हा केस येत नाही. बाविशीच्या पोराच्या कपाळावर खाली, दाट रेघ आखून हा साठा उधळणाऱ्याला त्या पोराच्या चाळिशीशी काही देणंघेणं नसतं. त्याचे मूळचे केस गळतच राहतात. पुढे लावलेली पट्टी आणि तिच्यामागे टक्कल, असं डोकं घेऊन तो माझ्याकडे येतो, तेव्हा मागे काढण्याजोगं काही उरलेलं नसतं. गळती आटोक्यात ठेवायला मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, हेही आधीच सांगायला हवं. पण ‘एकदाच करा, कायमचं सुटा’ हे वाक्य विकायचं असलं की दोन्ही गोष्टी दडवल्या जातात.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी तर व्हॉट्सअॅपवर सोडलेली. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात, मुळं आत जिवंत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस उगवू लागतात आणि खरा निकाल वर्षभराने दिसतो. हे आधी सांगितलं नाही की मुलगा हादरतो आणि त्याच धास्तीवर त्याला पीआरपीचं (त्याच्याच रक्तातून बनवलेल्या इंजेक्शनांचं) आणखी एक पॅकेज खपवतात. उलट कातडी काळी पडतेय, पू येतोय, ताप आहे, असं कळवलं तर उत्तर येतं, ‘नॉर्मल आहे सर.’ हे नॉर्मल नाही. त्याच दिवशी डॉक्टरने डोकं डोळ्यांनी पाहायला हवं.

पैसे भरण्याआधी लेखी मागा: छेद कोण देणार, केस कोण काढणार, कोण लावणार, डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, भुलीचा त्रास झाला तर ऑक्सिजन आणि इंजेक्शनं कुठे आहेत, रात्री फोन कोण उचलणार. क्लिनिकचा काउन्सेलर टाळाटाळ करू लागला तर तिथून उठा आणि घरी जा. टक्कल पडल्याने कोणी मरत नाही.